लंडन–ब्रायटन व्हेटरन कार रन : आधी चढ गाठा, मग समुद्र

पालखी चालताना बघायची असेल तर माणूस दिवे घाट गाठतो. लंडन–ब्रायटन व्हेटरन कार रन, म्हणजे १९०५ पूर्वीच्या मोटारींची लंडनहून ब्रायटनपर्यंतची फेरी, बघायला जाणाऱ्यांना आमचं पहिलं सांगणं हेच आहे: आधी चढ गाठा. बहुतेक लोक थेट ब्रायटनच्या किनाऱ्यावर जातात, मदेरा ड्राइव्हवर ओळीने लागलेल्या गाड्यांचे फोटो काढतात आणि परततात. त्यात वाईट काही नाही. पण सव्वाशे वर्षांची गाडी उभी असते तेव्हा ती पितळेचं आणि लाकडाचं देखणं सामान असते. ती गाडी आहे हे कळतं चढाला लागल्यावर, गिअर बदलताना, बंद पडून पुन्हा सुरू होताना. म्हणून दिवसाचे तीन तुकडे करा: पहाटे लंडनचं हाइड पार्क, मग ब्रायटनच्या अलीकडचा क्लेटनचा चढ, आणि दुपारी समुद्र. एवढं जमवलं तर फुकटात बघायला मिळणाऱ्या गाड्यांच्या सोहळ्यांत याच्या तोडीचं दुसरं आम्हाला माहीत नाही.

नोव्हेंबरचा पहिला रविवार हा याचा दिवस. सूर्योदयाला हाइड पार्कमधून गाड्या सुटतात आणि दक्षिणेला ६० मैल, म्हणजे ९६ किलोमीटर, चालून ब्रायटनला पोचतात. १९३० पासून आयोजन रॉयल ऑटोमोबाइल क्लबकडे आहे. मुख्य अट कडक आहे: गाडी १ जानेवारी १९०५ च्या आधी बांधलेली हवी. आपल्याकडे जुनी गाडी दिसली की सरसकट ‘व्हिंटेज’ म्हणतात. इंग्लंडमधल्या जाणकारांत तसं चालत नाही. १९०४ अखेरपर्यंतची ती व्हेटरन, १९०५ ते १९१८ मधली एडवर्डियन आणि १९१९ ते १९३० मधली व्हिंटेज. म्हणजे आपल्याकडच्या रॅलीत मानाने पुढे उभ्या राहणाऱ्या १९२५–३० च्या गाड्या इथल्या अटीपेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी नव्या ठरतात. वयाचा निवाडाही मालकाच्या शब्दावर होत नाही. व्हेटरन कार क्लब ऑफ ग्रेट ब्रिटन ही १९३० मध्येच स्थापन झालेली संस्था इंजिन, चासी आणि सुटे भाग तपासून सालाचा दाखला देते. गाड्यांचे क्रमांक साधारण वयानुसार लावतात. छोटा आकडा म्हणजे जुनी गाडी. हातात कार्यक्रमपत्रिका असली की आकड्यावरून मेक, साल आणि सिलिंडर कळतात. ती मिळवाच, कारण गाडी समोरून जाताना विचारायला वेळ नसतो.

ही शर्यत नाही. सरासरी ताशी २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटर, यापेक्षा वेगाने जायला मनाई आहे आणि पहिला कोण आला याचं कौतुक कोणी करत नाही. दुपारी साडेचारच्या आत पोचणाऱ्याला पदक मिळतं. लंडन परिसरात त्या आठवड्यात सूर्य साडेचारच्या आसपासच मावळतो, त्यामुळे ही वेळ कागदावरची नाही. यातल्या कित्येक गाड्यांच्या दिव्यांत रात्री रस्ता दिसण्याइतका उजेडच नसतो.

या दिवसाचं मूळ १४ नोव्हेंबर १८९६ मध्ये आहे. त्या दिवशी ब्रिटनमध्ये नवा कायदा लागू झाला आणि मोटारींची वेगमर्यादा ताशी ४ मैलांवरून १४ मैलांवर गेली. गाडीपुढे माणूस चालवायची सक्तीही उठली. त्या आनंदात हॅरी लॉसन यांच्या मोटर कार क्लबने लंडनहून ब्रायटनपर्यंत गाड्या काढल्या. सकाळच्या न्याहारीला अर्ल ऑफ विंचिल्सी यांनी लाल निशाण फाडलं. आजही हाइड पार्कात सुरुवातीला लाल निशाण फाडतात. यात एक बारकावा आहे: लाल निशाण धरून साठ यार्ड पुढे चालायची सक्ती १८६५ च्या कायद्यातली. १८७८ मध्येच ती सैल झाली होती, नंतर माणूस वीस यार्ड पुढे चालला की पुरे होई. म्हणजे १८९६ मध्ये जे फाडलं ते कायद्याचं कलम नव्हतं, लोकांच्या मनात बसलेली खूण होती. त्या दिवशी ३३ गाड्या निघाल्या आणि १७ पोचल्या असं सांगतात. एक गाडी रेल्वेने नेऊन, अंगाला चिखल फासून ब्रायटनात उतरवली होती अशी वदंताही आहे. १९२७ मध्ये या फेरीची आठवण म्हणून पुन्हा रन निघाली आणि युद्धाची वर्षं, १९४७ ची पेट्रोलटंचाई आणि २०२० ची महामारी सोडली तर ती चालूच आहे.

आता प्रत्यक्ष बघण्याकडे. हाइड पार्कात सर्पेंटाइन रोडवर पहाटे सव्वासहापर्यंत पोचा. सूर्योदय सातच्या आगेमागे असतो, पण खरं काम त्याआधीच्या पाऊण तासात, अंधारात चालतं. गाड्या थंड असतात, गारठा पाच-सहा अंशांवर असू शकतो, आणि आजचं पेट्रोल या कार्ब्युरेटरांसाठी, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण करणाऱ्या भागांसाठी, बनलेलं नाही. १८९० च्या दशकातल्या बेंझसारख्या गाडीत ‘सरफेस कार्ब्युरेटर’ असतो: पेट्रोलच्या पृष्ठावरून हवा ओढायची, तिच्यात मिसळेल तेवढी वाफ इंजिनाला द्यायची. त्या काळचं हलकं पेट्रोल थंडीतही झटकन उडायचं. आजचं तितकं उडत नाही. म्हणून कोणी कार्ब्युरेटरभोवती गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळताना दिसेल. ती हौस नाही, त्याशिवाय मिश्रण पेट घेण्याइतकं दाट होत नाही.

हँडल फिरवून इंजिन सुरू करणारा माणूस नीट बघा. आधी पेट्रोलची तोटी उघडतो, फ्लोटची, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची, पिन बोटाने दाबून कार्ब्युरेटर किंचित ओसंडू देतो, स्पार्कची दांडी पूर्ण मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल. मग हँडल धरतो तेव्हा अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवतो, मूठ आवळून पलीकडे नेत नाही. आणि हँडल वर ओढतो, खाली दाबत नाही. कारण ठिणगी लवकर पडली तर इंजिन उलटी लाथ मारतं. अंगठा पलीकडे असेल तर मोडतो, आणि खाली दाबताना लाथ बसली तर मनगट जातं. जुन्या बुलेटची उलटी किक ज्याने खाल्ली आहे त्याला हे समजवावं लागत नाही.

कान लावा. गाडीच्या पुढच्या फळीवर लाकडाची एक पेटी असते आणि तिच्यातून बारीक, सलग ‘झ्झ्झ’ येतो, काचेच्या बरणीत मधमाशी कोंडल्यासारखा. ती ट्रेंबलर कॉइल. शाळेतल्या जुन्या विजेच्या घंटेचंच तत्त्व: लोखंडी गाभ्याकडे पट्टी ओढली जाते, संपर्क तुटतो, पट्टी परत येते, पुन्हा जुळतो. सेकंदाला कितीतरी वेळा, आणि दर तुटण्याला ठिणगी. आवाज स्वच्छ आणि एकसुरी असेल तर मालक निर्धास्त असतो. तो अडखळला की पट्टीच्या टोकांवर काजळी धरलेली असते किंवा बॅटरी बसत चाललेली असते. यातल्या बहुतेक गाड्यांत डायनॅमो नाही. घरून चार्ज करून आणलेल्या बॅटरीवर दिवस काढायचा, म्हणून थांबताक्षणी स्विच बंद करण्याची इथे सगळ्यांना सवय असते. त्याहून जुन्या गाड्यांत कॉइलही नाही: सिलिंडरच्या डोक्याशी प्लॅटिनमची छोटी नळी, बाहेरून बर्नरने लाल तापवलेली. दाबलेलं मिश्रण नळीत शिरलं की पेटतं. ठिणगी पुढेमागे करायची सोयच नाही, आणि वाऱ्याच्या झोताने बर्नर विझला की गाडी जागेवर. पेट्रोलजवळ उघडी ज्योत घेऊन ९६ किलोमीटर जाणाऱ्या या गाड्यांत आग विझवायचं नळकांडं हाताशी का असतं, ते यावरून कळेल.

आमचं सगळ्यात आवडतं दृश्य मात्र ड्रायव्हरसमोरचा तेलाचा ठिबक-संच. पितळी डबीखाली काचेच्या चार-पाच नळ्या, प्रत्येकीत वरून थेंब पडतोय. सलाइन लावल्यावर नर्स जसा थेंब मोजते तसा ड्रायव्हर अधूनमधून मोजतो आणि वरची सुई चिमटीने कणभर फिरवतो. एक नळी सिलिंडरला, एक क्रँकच्या बेअरिंगला, एक गिअरबॉक्सला. हे तेल परत टाकीत येत नाही. काम केलं की जळून जातं नाहीतर रस्त्यावर पडतं. थंडीत तेल घट्ट होतं आणि थेंब मंदावतो. इंजिन तापलं की डबीही तापते, तेल पातळ होतं आणि तीच सुई दुपटीने तेल सोडते. म्हणून पहाटे लावलेला हिशेब दहा वाजता चालत नाही. मागून निळा धूर निघणारी गाडी खराब आहे असं समजू नका. चढाआधी जाणता ड्रायव्हर मुद्दाम दोन थेंब जास्त सोडतो. धूर अजिबात नसेल तर आम्हाला जास्त काळजी वाटते.

सुटण्याचा कार्यक्रम तासभर तरी चालतो. शेवटपर्यंत थांबू नका. पहिल्या शंभरेक गाड्या, म्हणजे सगळ्यात जुन्या, गेल्या की आपण निघायचं. गाड्या बकिंगहॅम राजवाड्यावरून वेस्टमिन्स्टरकडे जातात. तिथला बिग बेनसमोरचा फोटो सगळ्यांना हवा असतो आणि गर्दीही तशीच असते. तिथे वेळ घालवू नये असं आमचं मत.

दक्षिण लंडन हा या रनचा सगळ्यात कमकुवत भाग आहे आणि हे स्पष्ट सांगायला हवं. रस्ते बंद नसतात. ब्रिक्स्टन, स्ट्रेटम, क्रॉयडन अशा वस्तीतून बस, टॅक्सी आणि सिग्नल सांभाळत या गाड्या जातात. दर सिग्नलला थांबा, सुटा, थांबा. चामड्याच्या कोन-क्लचला याच्याइतकं वाईट काही नाही. शंकूला लावलेलं चामडं कोरडं पडलं की झटका देऊन पकडतं, तेलकट झालं की घसरतं. कोरड्या चामड्याला तेल पाजतात. घसरणाऱ्या चामड्यावर काय टाकतात, तर मुलतानी माती. आपल्याकडे तोंडाला लावतात तीच. ती जादा तेल शोषते आणि पकड परत येते. पूर्वापार चालत आलेला उपाय आहे आणि आजही डब्यातून सोबत नेतात. सिग्नलचा दुसरा त्रास पाण्याचा. अनेक गाड्यांत पाण्याचा पंप फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाला, टेकलेल्या छोट्या चाकावर, नुसत्या घर्षणावर फिरतो. फ्लायव्हीलवर तेल उडालं की ते चाक घसरतं, पाणी फिरायचं थांबतं, आणि पाच मिनिटांत वाफा. बाहेरून बघणाऱ्याला रेडिएटर गळल्यासारखं वाटतं. दोष तिथे नसतोच. फडक्याने चाक पुसलं की गाडी पुढे निघते. सगळ्या वर्षी वाट अगदी तीच नसते, तेव्हा त्या वर्षीचा नकाशा बघूनच जागा ठरवा.

क्रॉली गावातला थांबा वाटेच्या मध्यावर येतो. पुढच्या गाड्या तिथे साडेआठ-नऊला पोचतात. गाड्या थांबलेल्या, झाकणं उघडी, मालक हातात कॉफी घेऊन बोलायच्या मनःस्थितीत. कोणाला इंजिन जवळून बघायचं असेल आणि चढ बघायची इच्छा नसेल तर त्याने ब्रायटन सोडून क्रॉलीच गाठावं, इतका हा थांबा उपयोगाचा. वाफेवरच्या गाड्या इथेच नीट बघायला मिळतात. अमेरिकन लोकोमोबिल घ्या: सीटखाली उभा गोल बॉयलर, आत तांब्याच्या तीनएकशे नळ्या, बाहेरून पियानोची तार गुंडाळलेली म्हणजे दाबाने फुटू नये. वाफ वापरून झाली की हवेत सोडून द्यायची, परत पाणी करायची सोय नाही. त्यामुळे मैलाला साधारण गॅलनभर, म्हणजे साडेचार लिटर पाणी लागतं आणि टाकी वीसेक मैलांत संपते. सुरुवातीची धरून ब्रायटनपर्यंत किमान तीनदा भरावी लागते. बर्नर मात्र आपल्या ओळखीचा. पंप मारायचा स्टोव्ह आठवा: इंधन आधी तापून वाफ होतं, मग बारीक भोकातून जोरात बाहेर पडून निळं जळतं. निळ्याची पिवळी ज्योत झाली की भोकात कचरा. मालक खिशातून जी बारीक तार काढतो ती आपल्या स्टोव्हच्या पिनेची थोरली बहीण. वास, आवाज, सगळं तेच.

आता क्लेटन. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून ब्रायटनकडे जाणाऱ्या रेल्वेगाडीने हॅसक्स स्टेशनला उतरायचं, साधारण तासाभराचा प्रवास, आणि दक्षिणेला दीड-दोन किलोमीटर चालायचं. रविवारी या मार्गावर दुरुस्तीची कामं निघतात, तेव्हा आदल्या रात्री वेळापत्रक पुन्हा बघा. सगळ्याच रेल्वेगाड्या हॅसक्सला थांबत नाहीत. चालताना उजवीकडे-डावीकडे शोधावं लागत नाही: पुढे टेकडीची धार आणि तिच्यावर जॅक आणि जिल नावाच्या दोन पवनचक्क्या दिसतात, आणि पायथ्याशी रेल्वेच्या बोगद्याचं किल्ल्याच्या दरवाजासारखं बुरुजाचं तोंड. तिथून रस्ता टेकडीवर चढतो. साऊथ डाउन्सची ही धार ओलांडली की पलीकडे ब्रायटन. दहा ते एक ही इथली वेळ. उभं राहायचं ते रस्त्यापासून आत, गवतावर. इतर वाहतूक चालू असते आणि चढावर अडकलेल्या गाडीला बगल द्यायला आधुनिक गाड्या कडेने येतात.

इथे काय होतं ते समजून घ्या. एक सिलिंडर, पाच-सहा अश्वशक्ती, वर दोन-तीन माणसं. पायथ्याला आवाज ‘टक्-टक्-टक्’ असतो. चढ लागला की दोन ठोक्यांतलं अंतर वाढत जातं, आणि ड्रायव्हरला नेमक्या ठोक्यावर खालचा गिअर टाकायचा असतो. उशीर झाला तर इंजिन गुदमरतं. लवकर टाकला तर दात एकमेकांवर घासून करकरतात, कारण दात आपोआप जुळवून घेणारी सिंक्रोमेश नावाची गोष्ट अजून जन्मायची आहे. आणि गिअर हुकला तर गाडी थांबते. थांबलेली गाडी मागे येते, इथे खरा धोका. त्या काळचे पट्ट्याचे ब्रेक पुढे जाणाऱ्या ड्रमला स्वतःहून आवळतात, पण ड्रम उलटा फिरला की तोच पट्टा सैल पडतो. म्हणून काही गाड्यांच्या मागच्या आसाला एक टोकदार लोखंडी दांडा बिजागरीने टांगलेला असतो. चढ लागण्याआधी तो खाली सोडतात. तो रस्त्यावर खडखडत फरपटतो, आणि गाडी मागे सरली की टोक रस्त्यात रुतून तिला अडवतो. ज्यांच्याकडे तो नाही त्यांच्या मागच्या सीटवरचा माणूस लाकडी पाचर घेऊन तयारच बसलेला असतो. उतारू उडी मारून उतरतात, हलकी झालेली गाडी चालत्या माणसाच्या वेगाने वर जाते, आणि उतारू बाजूने चालतात. कडेला उभ्या असलेल्या अनोळखी माणसांनी मागे खांदा लावणं इथे सर्रास आहे. लावायचा असेल तर चालकाला विचारून, मागच्या लाकडी चौकटीला, कधीही मडगार्डला किंवा चाकाच्या आऱ्यांना नाही.

१९०१ नंतरची ओल्ड्समोबिल कर्व्ह्ड डॅश ही अमेरिकन गाडी या चढावर जरूर ऐका. घसरगाडीसारखी वळलेली पुढची फळी, स्टिअरिंगच्या जागी नुसती दांडी, सीटखाली आडवं एक सिलिंडर, साधारण दीड लिटरचं. हे इंजिन इतकं सावकाश फिरतं की ठोके मोजता येतात. शेजारून द दियाँ-बूताँ या फ्रेंच कंपनीची छोटी गाडी गेली की फरक लगेच कळतो: तेही एकच सिलिंडर, पण त्याच्या तिप्पट फेऱ्यांनी फिरणारं, शिवणाच्या मशीनसारखं. या एका कंपनीच्या गाड्या इथे भरपूर दिसतात, आणि चढावर त्याच सगळ्यात कमी कुरकुर करतात. त्यांचे दोन गिअर दात न भिडवता आतल्या क्लचांनीच बदलतात, हे त्याचं कारण. बेंझच्या पट्ट्यावरच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. पिठाच्या गिरणीचा पट्टा ओलसर पावसाळ्यात जसा सुटतो तसा चामडी पट्टा नोव्हेंबरच्या रिमझिमीत ताणून सैल होतो. इंजिन जोरात, गाडी जागेवर. उतरून पट्टा एक भोक आत घ्यायचा, पुन्हा निघायचं. पावसाच्या वर्षी हे तुम्हाला क्लेटनवर अर्ध्या तासात दोनदा दिसेल.

टायरही इथेच धोका देतात. जुने ‘बीडेड एज’ टायर रिमच्या वळलेल्या कडेत नुसत्या हवेच्या दाबाने अडकलेले असतात, आत तार नाही. दाब कमी पडला की टायर रिमवर सरकतो, ट्यूबचा वॉल्व्ह मुळापासून उपटला जातो. म्हणून गाडी हलकी असूनही त्यांत हवा घट्ट भरतात. चालकाने थांबल्या-थांबल्या अंगठ्याने टायर दाबून बघितला तर तो हेच बघत असतो.

एकच्या सुमारास हॅसक्सला परत येऊन ब्रायटन गाठा. दहाएक मिनिटांचा प्रवास आहे. स्टेशनातून सरळ खाली चालत गेलं की समुद्र, डावीकडे समुद्रात शिरलेला १८९९ चा धक्का, पॅलेस पिअर, आणि त्याच्या पलीकडे मदेरा ड्राइव्ह सुरू होतो. मरीन ड्राइव्हसारखी कमान नाही. सरळसोट रस्ता, एका बाजूला उंच भिंत आणि लोखंडी कमानींचा व्हिक्टोरियन सज्जा, दुसऱ्या बाजूला गोट्यांचा किनारा आणि १८८३ पासूनची विजेवर चालणारी चिमुकली फोक्स रेल्वे. वाळूच्या चौपाटीच्या कल्पनेने चपला घालून जाऊ नका. फोटोसाठी समुद्राकडे पाठ करा: सूर्य दक्षिणेला, तुमच्या मागे राहतो आणि पितळेवर थेट पडतो. उलट उभे राहिलात तर सगळ्या गाड्या काळ्या येतील. पितळेला हात लावू नये हे लहान मुलांना आधीच सांगा. बोटाचा घाम तासाभरात डाग धरतो, आणि दिव्यांची घुमटं, पाण्याच्या नळ्या चटका देतील इतक्या गरम असतात.

इथली आमची तक्रार एकच. सकाळी लवकर पोचलेल्या गाड्या, म्हणजे बहुधा सगळ्यात जुन्या, दुपारी ट्रेलरवर चढून निघून जातात. तीनला पोचणाऱ्या प्रेक्षकाला त्या दिसतच नाहीत. सगळ्या गाड्या दोन तास तरी एकत्र उभ्या राहतील अशी सोय केली तर ब्रायटनच्या वाट्याला आणखी मोठा सोहळा येईल. तोवर किनाऱ्यासाठी दीड ते तीन हीच वेळ धरा. शाकाहारी असाल तर किनाऱ्यावरच्या टपऱ्यांत फ्रेंच फ्राइज घेण्याआधी कशात तळल्या ते विचारा. इंग्लंडमध्ये काही ठिकाणी त्या गाईच्या चरबीत तळतात. आणि खाताना हात अंगाशी ठेवा. तिथले समुद्रपक्षी सरळ हातातून घास नेतात.

पुणे-मुंबईकडच्या ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत त्यांनी मालकांशी बोलताना पेट्रोलचा विषय जरूर काढावा. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल १० टक्के इथेनॉलचं आहे, आपल्याकडे २० टक्क्यांचं आलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि बुचाच्या फ्लोटवरचा लाखेचा लेप विरघळवून टाकतं. फ्लोट जड होऊन बुडाला की कार्ब्युरेटर ओसंडतो. इथली मंडळी पितळी फ्लोट घालतात, जुने रबरी नळ बदलतात, कमी इथेनॉलचं महाग पेट्रोल भरतात आणि फेरी झाली की टाकी पूर्ण रिकामी करून गाडी ठेवतात. यातलं शेवटचं तर आपल्याकडे आजपासून करता येईल.

साडेतीननंतर पदकाच्या वेळेशी झुंजणाऱ्या गाड्या येतात, एकेक, चिखलाने माखलेल्या, आणि अंधारू लागताच दिवे लावतात. जवळ जा. जत्रेत पूर्वी दुकानदार लावायचे तोच कार्बाइडचा दिवा: खालच्या डब्यात खडे, वर पाणी, मधली तोटी पाव वळसा उघडली की थेंब पडतो, वायू नळीने दिव्यापर्यंत यायला थोडा वेळ लागतो, मग काडी. घाईने तोटी जास्त उघडली तर वायू उसळतो आणि ज्योत काजळी ओकते, पुन्हा बंद करावं लागतं. पाचच्या आत स्टेशन गाठा, त्यानंतर लंडनच्या गाड्यांत उभं राहायला जागा मिळणं अवघड. आणि मोटारसायकलवाल्यांनी मार्च महिना राखून ठेवावा: १९१५ पूर्वीच्या दुचाकींची सनबीम क्लबची पायोनिअर रन याच ब्रायटनला येते.